बहर धरणे

वाचकहो, या पुस्तकातली बाकीची निरूपणे एकेका अभंगावर आहेत. हे एका शब्दावर आहे. आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे सावतामहाराजांच्या पुण्यतिथीला, माणदेशातल्या एका गावी कीर्तन झाले, त्या रात्रीचे हे बोलणे. सावतोबा अरणचे. शके १२१७, इसवी सन १२९५ साली त्यांनी देह ठेवला. जन्मभर मळा सोडून कुठे गेले नाहीत, पंढरीलाही नाहीत, असे परंपरा सांगते. आणि म्हणून पांडुरंगाची पालखी आजही त्यांच्या भेटीला पंढरपुराहून अरणला येते. देव भक्ताच्या गावाला जातो! तर अशा माळ्याच्या पुण्यतिथीला माळ्याच्याच तोंडचा एखादा शब्द घ्यावा असे मनात आले, आणि मी 'बहर' हा शब्द घेतला.

छापण्यासाठी ध्वनिमुद्रण उतरवून घेतले तेव्हा बरेचसे जसेच्या तसे ठेवले आहे. पण एका जागी मी त्या रात्री चुकलो होतो. ती जागा मी गाळलेली नाही. ती आली की सांगतो.

आता शब्द पहा. 'बहर' आपला मूळचा नव्हे. फारसीत 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. बाग फारसी, बगीचा फारसी, गुलाब फारसी, आणि बागेत जो येतो तो बहारही फारसीच. मराठीत आल्यावर त्या एकाचे दोन झाले. 'बहार' राहिला मौजेकडे. काय बहार आली, गड्याने बहार केली, असे आपण म्हणतो. आणि 'बहर' गेला झाडाकडे. मोगरा बहरला, जाई ऐन बहरात आहे. बागाईतदार मात्र हा भेद फार मानीत नाही, तो मृग बहार म्हणेल नाहीतर मृग बहर म्हणेल. व्याकरण त्याच्या फळात उतरलं की झालं.

मग आपले स्वतःचे शब्द नव्हते का? होते की! आणि किती बारीक होते. कळी उमलते. आंब्याला मोहोर येतो. आंब्याला फुलं आली असं म्हणणारा माणूस शहरातला. ज्वारी आधी पोटरीत येते मग निसवते. हरभरा फुलावर येतो आणि मागून घाटे धरतो. उसाला तुरा येतो. अन् उसाला तुरा आला की मालक काही पेढे वाटत नाही बरं का! तुरा आला म्हणजे वाढ थांबली, पुढे ऊस आतून पोकळ पडायचा, उतारा घटायचा. कळकाचं त्याहून वाईट. कळकाचं बेट कित्येक वर्षं हिरवंगार उभं असतं, एकदाच फुलोऱ्यावर येतं आणि वाळून जातं. तेव्हा फुलणं म्हटलं की मंगलच, असं समजू नये. कशाचं फुलणं, कधीचं फुलणं, हे विचारावं.

संस्कृतात 'विकास' हा शब्दही मुळात फुलाचा. कळी उघडणे म्हणजे विकास. विकसित कमळ म्हणजे उमललेलं कमळ. आज विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता, धरण आणि निवडणुकीचा फलक येतो. शब्द कुठून निघतात आणि कुठे पोचतात! असो.

तर बहराचा वाच्यार्थ झाडाला भरून फुलं येणे. आणि लक्ष्यार्थ? तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मैफिलीला बहर आला. भजन रात्री दोन वाजता बहरलं. पोरीचा संसार बहरला. अमक्याची प्रतिभा त्या काळी ऐन बहरात होती. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आहे, तुमच्या लक्षात आली का? या सगळीकडे बहर 'येतो'. आपोआप येतो. वारा यावा, पाहुणा यावा तसा येतो. आपण फक्त बघायचं आणि वाहवा म्हणायचं.

पण माळ्याला विचारा. तो म्हणतो, आम्ही यंदा मृग 'धरला'. आम्ही आंबे बहर 'धरला'. शेजाऱ्याने हस्त धरला होता, पण पावसानं घोटाळा केला.

बहर धरणे! इथे खरा शब्द सुरू झाला. मराठीत 'धरणे' कुठे कुठे लागतं पहा. उपास धरला. नेम धरला. मौन धरलं. धीर धरला. पंढरीची वाट धरली. झाडानं फळ धरलं, बाईनं गर्भ धरला. जे सोडायला सोपं असतं आणि तरी माणूस सोडत नाही, तिथे मराठी माणूस धरणे म्हणतो. बहर त्या पंक्तीत बसला आहे, आणि तो शेतकऱ्यानं बसवला आहे, पंडितानं नव्हे.

आता डाळिंब घ्या. माणदेशात दुसरं उदाहरण कशाला शोधायचं? सांगोला, आटपाडी, जिकडे पाहावं तिकडे डाळिंब. या झाडाचा स्वभाव असा की पाणी मिळत राहिलं तर ते वर्षभर फुलतं. आज इथे चार फुलं, महिन्याने तिथे सहा. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर झाड, बारा महिने लाल फूल! मालक कपाळाला हात लावतो. कारण फळही तसंच येणार, एक इथे पिकतंय, एक तिथे हिरवं आहे, आणि तिसऱ्याला अळीनं पोखरलंय. गाडी भरत नाही. झाडाची सगळी ताकद सुट्या पैशासारखी खर्चून जाते.

म्हणून माळी वर्षातला एक काळ ठरवतो. मृग नक्षत्राच्या सुमाराला, जून-जुलैत फूल आणायचं तो मृग बहर. हस्ताच्या सुमाराला, सप्टेंबर-ऑक्टोबरात आणायचं तो हस्त बहर. मुली पाटावर हत्ती काढून भोवती हादग्याचा फेर धरतात ते हेच नक्षत्र. आणि जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर असतो त्या वेळी आणायचं तो आंबे बहर. नागपूरकडे संत्र्याला आंबिया म्हणतात तो हाच. ज्याच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी टिकतं त्यानंच आंबे बहराच्या नादी लागावं. मृगाला वरचं पाणी मिळतं, पण ढगाळ हवेत तेल्याचं भय. एकदा तेल्या बागेत शिरला की फळावर काळे डाग पडतात, फळ तडकतं, आणि वर्षाची कमाई बांधावर फेकावी लागते. हस्ताला ताण देणं कठीण, कारण ताण द्यायच्या दिवसांतच पाऊस. प्रत्येक बहराला आपलं आपलं दुखणं आहे.

ठरवलेल्या काळाआधी माळी काय करतो? पाणी तोडतो. याला म्हणतात ताण देणे. हलकं रान असेल तर महिनाभर, भारी काळं रान असेल तर दीड-दोन महिने. झाड आधी मलूल होतं, मग पानं पिवळी पडतात, मग गळतात. हल्ली पानं गळायला औषधही फवारतात. त्या दिवसांत नवखा माणूस बागेत गेला तर म्हणेल, अरेरे, बाग गेली. गेलेली नसते. वाढ थांबलेली असते. पाला वाढवायला जे अन्न खर्ची पडत होतं ते आता फांदीत साठत असतं. मग माळी छाटणी करतो, बुंध्याभोवतीची माती चाळवतो, खत भरतो, आणि एक दिवस पाणी सोडतो. तेसुद्धा एकदम नाही. पहिलं पाणी हलकं, ते आंबवणी. चार दिवसांनी दुसरं, ते चिंबवणी. तहानेल्या माणसाला आपण आधी गुळाचा खडा देतो आणि घोट घोट पाणी पाजतो, तसंच. पाणी लागलं की उघड्या काडीला कोवळी तांबूस पालवी फुटते, आणि तिच्यामागून कळी. सगळ्या झाडावर एकदम. याला म्हणायचं बहर फुटला.

अजून संपलं नाही. आलेल्या फुलांतली निम्मी-शिम्मी नर फुलं असतात. नर फूल बुडाशी निमुळतं, घंटेसारखं. ते दोन-चार दिवस मिरवतं आणि गळतं. ज्याचं बूड फुगीर आहे, सुरईसारखं, त्याचं फळ होतं. लांबून दोन्ही सारखीच लाल. वाचकहो, मी कीर्तनकार आहे, टाळ्यांचा आवाज मला ओळखीचा आहे. त्यातली बहुतेक नर फुलं असतात. मंडपात मिरवतात आणि चप्पल घालेपर्यंत गळतात. कुणाकुणाच्या मनाच्या बुडाशी थोडा फुगवटा येतो. तो दिसत नाही, तो टाळीही वाजवत नाही.

इथवर परमार्थाला लावणं सोपं होतं आणि मी लावलं. मनाचं झाडही बारमाही फुलणारं आहे. आज याचं कौतुक, उद्या त्याचा छंद, परवा तीर्थयात्रा, तेरवा नवा ग्रंथ. पाच पानं वाचली, ठेवला. फूल दिसतं, फळ नाही. म्हणून आपल्याकडे एकादशी सांगितली, मौन सांगितलं, नेम सांगितला. तो ताण आहे. पंधरा दिवसांतून एकदा मनाचं पाणी तोडून पाहायचं, पाला थोडा गळू द्यायचा. घरातला टीव्ही एक दिवस बंद ठेवला तरी कळतं पाला किती आहे ते. यात मी आजही काही बदलणार नाही.

पण पुढे मी जे म्हणालो ते असं आहे. ध्वनिमुद्रणातून शब्दशः देतो. "तुकोबारायांना देवानं दुष्काळाचा ताण दिला म्हणून गाथेला बहर आला. मंडळी, तुमच्याही संसारात जे दुःख येतं तो देवाचा ताण आहे. माळी पाणी तोडतो ते बहरासाठी. रडू नका, बहर येणार आहे." त्यावर विठ्ठल विठ्ठल असा गजर आहे, मृदुंग आहे, आणि बराच वेळ टाळ्या आहेत.

हे वाक्य मी कित्येक गावांत कित्येक वेळा बोललो होतो. कधी कुणी हटकलं नाही. त्या रात्री आरती झाली, प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली. एक पन्नाशीच्या बाई मंडपाच्या खांबाशी थांबल्या होत्या. पाया पडल्या. म्हणाल्या, "म्हाराज, बाकी समदं ग्वाड झालं. पर ताणाचं बराबर सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, काय चुकलं माउली?

"आमी ताण देतो तवा हिरीत पानी राखून ठेवतो. पानी नसताना ताण कुनी देत न्हाई. पानी नसताना झाड वाळलं, तर त्याला ताण म्हनत न्हाईत. बाग जळाली म्हनत्यात."

मी गप्प. त्या जरा थांबून म्हणाल्या, "माजा ल्योक गेला दोन वर्सं झाली. त्यो कुनाचा ताण? अन् त्यातनं बहर कुनाला यायचा?"

वाचकहो, कीर्तनकाराला उत्तरं पाठ असतात. कर्म आहे, प्रारब्ध आहे, जन्ममरणाची रहाटी आहे. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही, आणि निघालं नाही हे बरं झालं. मी हात जोडले. त्यांनी पुन्हा पाया पडून जायला पाऊल उचललं, आणि जाता जाता सकाळी चहाला या म्हणाल्या. घर मंडपामागेच होतं.

रात्रभर झोप आली नाही. ती बाई शब्दाच्या बाजूनं बरोबर होती, हे मला आधी मान्य करावं लागलं. 'ताण' आणि 'दुष्काळ' या दोन शब्दांत झाडाला होणारी तहान एकच आहे. पान दोन्हीकडे गळतं. पण ताणात कुणीतरी रोज बागेत येऊन फांदी मोडून पाहत असतं, आत ओल आहे ना. दिवस मोजत असतं. विहिरीत पाणी राखलेलं असतं. ताण वाढला तर झाड मरेल हे ठाऊक असलेला माणूस तो ताण देत असतो. दुष्काळात तसं कुणी नसतं. २०१२-१३ सालच्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या बागा वाळल्या. माणसांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली, आणि जिथे जगली नाहीत तिथे पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपण केलं. त्यांच्यापुढे उभं राहून मी म्हणू, तुम्हाला बहर येणार आहे? माझी जीभ रेटेल?

मग तुकोबांचं काय? मी तर त्यांच्याच आधारावर बोललो होतो. इसवी सन १६३०च्या सुमाराचा तो दुष्काळ. धंदा बुडाला, पत गेली. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मूल गेलं. हे ते स्वतः सांगतात. आणि एका अभंगात ते देवाला म्हणतात की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळानं छळलं तेही बरं केलं. बायको-पोराच्या मरणाबद्दलसुद्धा असा उद्गार गाथेत आहे. माझं वाक्य त्यातूनच आलेलं.

पण त्या रात्री मला एक साधी गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं गाथा हाती असून दिसली नव्हती. ते 'बरं झालं' कोण कुणाला म्हणतंय? तुकोबा विठ्ठलाला म्हणताहेत. ज्याचं गेलं तो, ज्याच्याशी भांडायचं त्याला म्हणतोय. देहूतल्या कुणा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन, त्याचं मूल दुष्काळात गेलेलं असताना, तुकोबांनी 'बरं झालं हो' असं म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. आणि जिथे ते आपली हकीकत ओळीने सांगतात तिथे बायकोच्या मरणापाशी 'बरं' हा शब्द नाही. तिथे लाज आहे, त्रास आहे. लाज ते बरं, एवढं अंतर आहे. ते अंतर त्यांचं ते चालून गेले. त्यांना मागून कुणी ढकललं नाही.

आणि चालले कसे, तेही त्याच हकीकतीत आहे. पूर्वजांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले, आणि सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं अशी कबुली देतात. संतांची वचनं पाठ केली. दुसरे पुढे गात, हे मागे उभं राहून ध्रुपद धरीत. पहा, 'धरीत'! याला बहर धरणं म्हणतात. दुष्काळ त्यांनी मागितला नव्हता आणि दुष्काळानं गाथा दिली नाही. त्या दुष्काळातून हजारो माणसं गेली आणि हजारो मेली. गाथा आली ती मागाहून धरलेल्या नेमातून, पाठांतरातून, दुसऱ्याच्या मागे उभं राहून ओढलेल्या सुरातून. आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली म्हणतात. म्हणजे आपल्या झाडाचं पाणी तोडलं, पण दुसऱ्याच्या गळ्याला बसलेला फास सोडवला.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. ताण हा शब्द माणसानं स्वतःच्या बागेपुरता वापरावा. मी एकादशी करतो तो माझा ताण. मी बोलणं कमी केलं तो माझा ताण. दुसऱ्याच्या घरात मरण आलं, दिवाळं निघालं, पोरगं वाया गेलं, तर त्याला ताण हे नाव मी देऊ नये. ज्याचं झाड आहे तो पुढे कधी स्वतःच म्हणाला की त्यातूनही मला काही मिळालं, तर ऐकून घ्यावं आणि नमस्कार करावा. नाही म्हणाला तरी नमस्कारच करावा. आणि रखमाबाईचा विचार करावा. तिला कुठला बहर आला? नवऱ्याच्या अभंगांनी तिची भूक भागली नाही.

देव माळी आहे ना मग, असं तुम्ही विचाराल. सावतोबांनी मळ्यात देव पाहिला हे खरं. पण आपण नीट ऐकत नाही. त्यांनी भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. वाफ्यात उगवतो त्याच्यात पाहिला. पाणी तोडणाऱ्याच्या जागी विठ्ठलाला बसवण्याची घाई आम्हा कीर्तनकारांना. तोडलेल्या पाण्याखाली तडफडणारं जे झाड आहे त्याच्यातही तो असेल, तर त्याला मी काय ऐकवतोय? हल्ली डॉक्टरही ताण हाच शब्द वापरतात. मनावर ताण आहे म्हणतात. ते बरं करायला बघतात. आम्ही तो देवाच्या नावावर जमा करून मोकळे होतो.

त्या रात्रीच्या मुद्रणात जुनं वाक्य तसंच आहे. ध्वनिफीत गावोगाव गेली आहे, ती काही माघारी आणता येत नाही. म्हणून निदान छापील पानावर दोन्ही ठेवली, चूक आणि दुरुस्ती.

सकाळी मी त्या बाईंकडे चहाला गेलो. त्यांची बाग मागल्या पडवीतून दिसत होती. आंबे बहराची तोडणी चालली होती, क्रेट भरत होते, धाकटा दीर हिशेब लिहीत होता. बाई काही रात्रीचा विषय काढीनात, मीही काढला नाही. साखर किती, एवढं विचारलं. चहा झाल्यावर हात धुवायला म्हणून मी मागल्या दारी गेलो, तर मोरीच्या तोंडाशी एक डाळिंबाचं झाड. वेडंवाकडं वाढलेलं, छाटणी नाही, काही नाही. त्याच्यावर दोन लाल फुलं, एक सुपारीएवढं हिरवं फळ, आणि वरच्या अंगाला एक पिकलेलं. कीर्तनात ज्याला मी नावं ठेवली होती तेच झाड, बारमाही.

मी म्हटलं, याला बहर कोणता धरता?

"ह्याला कुनी बहर धरत न्हाई, म्हाराज," बाई म्हणाल्या. "भांड्याचं पानी जातं तिकडं. थोरल्यानं बी टाकलं हुतं ल्हान असताना. ते आपलं फुलतंय."

त्यांनी पदराने हात पुसले, टाचा उंचावून ते पिकलेलं डाळिंब काढलं, आणि माझ्या झोळीत टाकलं. एका अंगाने तडकलं होतं. तडकेतून दाणे दिसत होते.